केमो चालू असताना लागणारा दम, धुळीचा का औषधाचा?

प्रश्न: डॉक्टर साहेब नमस्कार, आम्ही अंबाजोगाई तालुक्यातले. माझ्या लहान भावाला, वय 34, मानेत गाठ आली म्हणून तपासलं तर हॉजकिन्स लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, निघाला. छत्रपती संभाजीनगरला दर पंधरा दिवसाला केमोचं सलाईन लावायलेत, एबीव्हीडी म्हणतात त्याला, 9 डोस झाले, गाठ पण विरघळली. पण तीन आठवडे झाले कोरडा खोकला यायलाय, थुंकी काहीच नाही, आणि माळवदावर चढला की धाप लागायली. मागच्या डोसच्या वेळी त्यानं डॉक्टरांना सांगितलंच नाही, डोस पुढं ढकलतील म्हणून. घरी सोयाबीनची मळणी चालू आहे, सगळे म्हणायलेत धूळ आहे. गावातले डॉक्टर म्हणाले टीबी असू शकतो. सोमवारी पुढचा डोस आहे, न्यावं का थांबावं?
– एक बहीण

उत्तर: ताई, सोमवारची वाट बघू नका. आजच कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन लावा आणि जसं मला लिहिलं तसंच त्यांना सांगा, कोरडा खोकला, चढताना धाप, तीन आठवडे. त्यांनी तपासून हो म्हटल्याशिवाय पुढचा डोस घ्यायचा नाही.

एबीव्हीडी म्हणजे चार औषधांची केमो, त्यातला बी म्हणजे ब्लिओमायसिन. हे औषध गाठीच्या पेशींचा डीएनए तोडतं, काम चांगलं करतं, पण त्याला निकामी करणारं एन्झाइम आपल्या शरीरात फुफ्फुसात आणि कातडीत फार कमी असतं, म्हणून तिथं ते रेंगाळतं आणि इजा करतं. भावाच्या पाठीवर चाबकाचे वळ उठल्यासारखे काळसर पट्टे आलेत का तेही बघा, ते पण ह्याच औषधानं येतात. फुफ्फुसाला आधी सूज येते, वेळेत औषध बंद झालं तर बऱ्याचदा ती उतरते, पण नाही झालं तर तिथं वण धरतात आणि वण धरलेलं फुफ्फुस परत मऊ होत नाही. म्हणून मी एवढी घाई करतोय.

काही जण सांगतील की धोका ब्लिओमायसिनच्या 400 युनिटच्या वर असतो. एकूण डोस 400 च्या पुढं गेला की धोका खूप वाढतो हे खरं, आणि भावाचे 9 डोस मिळून साधारण दीडशेच्या आसपास झाले असतील, पण त्याहून कमी डोसमध्येही हा त्रास झालेले पेशंट असतात. किडनी कमजोर असेल, बिडी-सिगारेट असेल, छातीला शेक (रेडिएशन) दिलेला असेल तर जास्त जपावं लागतं.

धुळीनं खोकला येतो, आणि टीबी आपल्याकडं आहेच, केमोत प्रतिकारशक्ती कमी झाल्यावर इन्फेक्शनही होतं, त्यामुळं मी इथं बसून नक्की काय ते सांगू शकत नाही. एचआरसीटी, म्हणजे फुफ्फुसाचा बारकाईनं काढलेला सीटी स्कॅन, करावा लागेल, नुसता एक्स-रे सुरुवातीला नॉर्मल दिसू शकतो. बोटाला लावून ऑक्सिजन बघायचा, तो पण चालवून झाल्यावर, आणि जमलं तर डीएलसीओ ही श्वासाची टेस्ट. तोपर्यंत मेडिकलवरून स्टेरॉइड आणून देऊ नका. औषधामुळंच सूज असेल तर डॉक्टर स्वतः स्टेरॉइड देतील, पण आत इन्फेक्शन असलं तर ते वाढेल.

आता भावाच्या भीतीबद्दल, आणि मला हेच जास्त महत्त्वाचं वाटतं. ब्लिओमायसिन बंद म्हणजे केमो बंद नाही हो. बाकीची तीन औषधं चालू ठेवता येतात. 2016 मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, हजाराच्या वर पेशंट होते, त्यात दोन सायकलनंतर, म्हणजे चार डोसनंतर, पेट स्कॅन (कॅन्सर कुठं शिल्लक आहे ते दाखवणारा स्कॅन) स्वच्छ आलेल्या काही जणांचं ब्लिओमायसिन काढून टाकलं, तरी आजार आटोक्यात राहण्यात फारसा फरक पडला नाही आणि फुफ्फुसाचा त्रास कमी झाला. त्याचा मधला पेट झाला असेल तर रिपोर्ट सोबत न्या. आणि त्याला सांगा, खोकला लपवला तर डॉक्टरांना ते एक औषध काढायचं सुचणारच नाही.

बसल्या जागी धाप लागली, ओठ निळे पडले किंवा ताप चढला तर संभाजीनगरपर्यंत जाऊ नका, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात लगेच न्या. तिथं आणि पुढं कधीही ऑपरेशन असलं तर भूलतज्ज्ञांना आधी सांगायचं की ब्लिओमायसिन घेतलंय, कारण जास्तीचा ऑक्सिजन ह्या फुफ्फुसांना बाधतो, ते गरजेपुरताच देतील. पण गरज असताना ऑक्सिजन नको म्हणायचं नाही. फाइलच्या पहिल्या पानावर औषधाचं नाव आणि किती डोस झाले ते मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.