फंक सॅम्पलची परवानगी मागताय? आधी हे विचारा

जुन्या फंक (ठेक्यावर उभं असलेलं अमेरिकन नृत्यसंगीत) रेकॉर्डमधला ड्रम्सचा तुकडा उचलून, म्हणजे सॅम्पल करून, तो पुन्हा पुन्हा वाजेल असा लूप करून तुम्ही गाणं केलंत, ऑनलाइन वितरकाने ते उतरवलं, म्हणजे काढून टाकलं, आणि आता परवानगीच्या मेलला कोणी नीट उत्तर देत नाही, हे तुम्ही लिहिलेलं वाचून माझाच जुना मनस्ताप आठवला. लूप कापणं वगैरे तुम्हाला येतंच, ते सोडतो.

पहिल्याच मेलमध्ये विचारा: तुमच्याकडे रचनेचे (चाल आणि शब्द) हक्क आहेत, ध्वनिमुद्रणाचे (प्रत्यक्ष रेकॉर्ड झालेला आवाज), की दोन्ही? मी ज्या ऑफिसकडे गेलो त्यांनी पैसे घेतले, रचनेचा कागद दिला. गाणं पुन्हा चढवलं, पुन्हा उतरलं. खोदून विचारल्यावर कळवलं की मुद्रणाचे हक्क आमच्याकडे नाहीतच! पैसे घेण्याआधी एवढी एक ओळ लिहायला काय जात होतं? पैसे परत मिळाले नाहीत आणि माझा राग अजून गेलेला नाही.

त्यातून हे पैसे वाजवणाऱ्यापर्यंत पोचतील असंही नाही. फंक गायक जेम्स ब्राउनचं 'फंकी ड्रमर' हे गाणं २० नोव्हेंबर १९६९ला अमेरिकेत सिनसिनाटीत मुद्रित झालं. त्यातला ड्रमर क्लाइड स्टबलफील्डचा तुकडा पब्लिक एनिमी या रॅप गटापासून कितीतरी रॅपवाल्यांनी वापरला. गीतकार म्हणून नाव ब्राउनचं, त्यामुळे स्टबलफील्डला त्या सॅम्पल्सची रॉयल्टी मिळाली नाही. हिपहॉप (रॅपचं संगीत) ज्याच्या हातांवर उभं राहिलं, त्याची ही गत.

'दोनच सेकंद घेतलेत' यावर विसंबू नका. फंकाडेलिक या फंक बँडच्या गिटारच्या तेवढ्याच तुकड्यावरून अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयाने २००५ साली परवाना घ्या, नाहीतर सॅम्पल करू नका, असं बजावलं. २०१६मध्ये दुसऱ्या अपील न्यायालयाने उलट मत दिलं. मी वकील नाही. आपल्याकडचा कायदा काय, ते वकिलालाच विचारा.

माझं स्पष्ट मत: तुकडा सोडा, ड्रमर बोलवा. नव्याने वाजवलंत की मुद्रणाच्या हक्काचा प्रश्न मिटतो. चाल किंवा शब्द उचललेत तर रचनेचा उरतोच. ड्रमरला सांगा, पहिल्या मात्रेवर सगळ्या बँडने समेवर यावं तसं एकत्र यायचं. ब्राउनच्या फंकचा जीव तिथे आहे. आणि स्नेअरवर (ड्रम सेटमधला कडक आवाजाचा ड्रम) मधले जेमतेम ऐकू येणारे हलके फटके गाळायचे नाहीत. स्टबलफील्डचा लूप झुलतो तो त्यांच्यामुळेच. मिक्समध्ये कॉम्प्रेसर (आवाजाच्या चढउतारातला फरक कमी करणारं साधन) लावताना तेच आधी बिघडतात, जपून.

ड्रमरला मानधन द्या, श्रेयात नाव द्या, आणि मुद्रणाचे हक्क कोणाचे हे वाजवायच्या आधी लेखी ठरवा.