नवीन मशीनवरची नको ती अ‍ॅप काढली, तरी परत येतात

प्रश्न : आमची कराडजवळ छोटी पतसंस्था आहे. नुकतेच ९ नवीन कॉम्प्युटर घेतले, विंडोज ११ वाले. स्टार्ट दाबलं की गेम, सिनेमाचं अ‍ॅप, काय काय दिसतं, आणि ट्रायलवाला अँटिव्हायरस तर कॅशियर पैसे मोजत असताना मधेच 'संरक्षण संपत आलं' म्हणून खिडकी उघडतो. मी एकेक अ‍ॅप काढलं, पण दुसऱ्या क्लार्कने त्याच मशीनवर त्याच्या नावाने लॉगिन केलं की सगळं परत हजर! फॉरमॅट मारायला लागेल का?

उत्तर : नाही हो, फॉरमॅट अजिबात नको. तुमचं काही चुकलेलं नाहीये, फक्त तुम्ही काढलं ते तुमच्या अकाउंटपुरतं गेलं. विंडोज या अ‍ॅपचा एक साठा मशीनमध्येच ठेवतं, त्याला प्रोव्हिजन्ड पॅकेज म्हणतात, आणि नवीन माणसाने पहिल्यांदा लॉगिन केलं की त्या साठ्यातून त्याला सगळं वाढून मिळतं. म्हणून आधी साठा काढायचा. पॉवरशेल (विंडोजमधली कमांड टाइप करायची खिडकी) अ‍ॅडमिन म्हणून उघडा, गेट अ‍ॅपएक्स प्रोव्हिजन्ड पॅकेज या कमांडने यादी बघा, मग नको त्या नावाला रिमूव्ह अ‍ॅपएक्स प्रोव्हिजन्ड पॅकेज द्या (दोन्हींना ऑनलाइन हा पर्याय लावावा लागतो). आता हे केल्यावर नवीन अकाउंटला ते अ‍ॅप येत नाही, पण ज्यांची अकाउंट आधीच तयार झालीत त्यांच्याकडून ते जात नाही, त्यासाठी रिमूव्ह अ‍ॅपएक्स पॅकेजला ऑल युजर्स जोडा. दोन्ही केलं तरच काम पूर्ण, एकच केलं की आठवड्याने परत तुमचंच पत्र येईल.

स्टार्टमधली काही चित्रं तर नुसती चित्रंच असतात, क्लिक केल्यावर अ‍ॅप डाउनलोड होतं. ती राइट क्लिक करून काढली की झालं.

अँटिव्हायरस मात्र आजच काढा. ट्रायल संपलेला अँटिव्हायरस म्हणजे कुलूप लटकतंय पण दार उघडं. अ‍ॅप्समधून अनइन्स्टॉल करा, त्याच कंपनीचं साफ करायचं टूल असेल तर तेही चालवा, मशीन रीस्टार्ट करा. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर मग आपोआप चालू होतो, तरी विंडोज सिक्युरिटी उघडून हिरवी टिक डोळ्याने बघाच.

आणि एक कळकळीने सांगतो, यादीत 'व्हिज्युअल सी प्लस प्लस' नावाच्या चार-पाच ओळी दिसतील, २०१०, २०१३ अशा वर्षांच्या. डुप्लिकेट वाटतात, पण नसतात, दुसरी सॉफ्टवेअर चालायला त्या लागतात. एका ऑफिसात मी बघितलंय, कुणीतरी त्या 'जुन्या' म्हणून उडवल्या आणि संध्याकाळी रोजकीर्द बंद करायच्या वेळी अकाउंटिंगचं सॉफ्टवेअरच उघडेना, सगळा स्टाफ रात्रीपर्यंत बसून. तसंच स्टोअर, वेबव्ह्यू (दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या आत वेबपेज दाखवणारा भाग) आणि प्रिंटरचे ड्रायव्हर यांना हात लावू नका. आधी एका मशीनवर करा, दोन दिवस त्यावर पासबुक छापा, एनईएफटी करून बघा, मग बाकीच्या ८ वर.

हे सगळं नुसत्या टापटिपीसाठी नाहीये. लेनोवोच्या काही लॅपटॉपमध्ये सुपरफिश नावाचं जाहिरातीचं सॉफ्टवेअर आधीच टाकलेलं होतं, २०१५ च्या फेब्रुवारीत ते बाहेर आलं. त्याने मशीनमध्ये स्वतःचं रूट सर्टिफिकेट (कुठली साइट खरी मानायची ते ठरवणारा शिक्का) घातलेलं, म्हणजे बँकेच्या साइटचं सुरक्षित कनेक्शनसुद्धा मधे उघडून बघता येत होतं, आणि सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल केलं तरी सर्टिफिकेट तिथंच राहायचं! तुमच्याकडे सभासदांचे पैसे आहेत, त्यामुळे ओळखीचं नसलेलं प्रत्येक नाव आधी काय आहे ते शोधा.

पुढच्या खरेदीत होम नको, प्रो एडिशन मागा. होममध्ये ग्रुप पॉलिसीच (मशीनवर काय चालेल, काय नाही याचे नियम लावायची सोय) मिळत नाही, ९ मशीन सांभाळताना ती लागते.

प्रश्न : मी पुण्यात आयटीत आहे. कंपनीच्या लॅपटॉपवरची फालतू अ‍ॅप मीच काढली तर चालेल का?

उत्तर : नका काढू. अ‍ॅडमिन पासवर्ड माहीत असला तरी नको. तुम्हाला फालतू वाटणारं अ‍ॅप अपडेट ढकलायचं किंवा लॅपटॉप हरवल्यावर लॉक करायचं असू शकतं. नावांची यादी करून आयटीला तिकीट टाका, आणि कुठल्या अ‍ॅपमुळे मशीन स्लो होतंय ते टास्क मॅनेजरच्या स्क्रीनशॉटसकट लिहा, काम लवकर होतं.