कंबोडियाला इंग्रजी शिकवायला मुलीला पाठवावं का?

डॅलसजवळ राहणाऱ्या एका आईनं लिहिलंय: "आमची मुलगी सोळा वर्षांची आहे. तिच्या मैत्रिणीच्या चर्चचा एक गट उन्हाळ्यात दोन आठवडे कंबोडियाला इंग्रजी शिकवायला जातो. तिलाही जायचंय. आमच्या घरात दरवर्षी गणपती बसतो. हे म्हणतात, सरळ नाही म्हणून टाक. सांगलीला सासूबाईंच्या कानावर गेलं तर काय होईल, विचारच करवत नाही. मुलीचं म्हणणं एकच, 'आई, मी फक्त इंग्रजी शिकवायला चाललेय, तुम्ही उगाच घाबरताय.' ताई, काय करू?"

उन्हाळा जवळ आला की अशी पत्रं येतात, आणि बहुतेक पत्रांत एकच धास्ती असते: मुलगी धर्म बदलेल का? त्याचं आधी सांगते. दोन आठवड्यांच्या प्रवासानं कुणाची श्रद्धा बदलत नाही. ती बदलत असेलच तर इथे, चर्चच्या बुधवार संध्याकाळच्या यूथ ग्रुपमध्ये, म्हणजे किशोरवयीन मुलांच्या गटात, मैत्रिणींच्या सोबतीत बदलतेय. तेव्हा त्याबद्दल तिच्याशी आत्ता बोला, आणि कंबोडियाचा विषय त्यात आणू नका. तिला तिथे काय आवडतं, प्रार्थनेत काय वाटतं, हे तिला मोकळेपणानं सांगता आलं पाहिजे. तुम्ही ऐकून घेतलंत तर ती पुढेही सांगत राहील. आरडाओरडा झाला तर सांगणंच बंद करेल.

मला खरी काळजी वाटते ती तिकडच्या मुलांची आणि त्यांच्या आई-बापांची. त्यांना काय सांगितलं जातंय?

अशा शिबिराचा दिवस साधारण असा असतो. सकाळी गाणी आणि खेळ, मग पाच-सहा मुलांच्या गटात शब्द आणि संभाषण, शेवटी सगळ्यांना एकत्र बसवून बायबलमधली एखादी गोष्ट. काही गट याच गोष्टी सोप्या इंग्रजीत करून वाचायला देतात, म्हणजे पाठही तोच आणि प्रवचनही तेच. काही गट मात्र वर्गात धर्माचा विषय काढत नाहीत. ज्यांना यायचंय त्यांनी रविवारी प्रार्थनेला यावं, एवढंच सांगतात. या दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. तुमच्या मुलीचा गट कुठला, हे तिलाही बहुधा नीट माहीत नसेल.

ते कळायचा एक सोपा मार्ग आहे. अशा प्रवासाचा खर्च काही हजार डॉलरच्या घरात जातो आणि तो जमवायला मुलं नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, चर्चमधल्या लोकांना मदतीचं पत्र पाठवतात. गट त्या पत्राचा नमुना देतो. तो मागून घ्या आणि चहा घेत तिच्यासोबत ओळ न् ओळ वाचा. देणगीदारांना प्रवासाचा उद्देश काय सांगितलाय? तिथे 'मुलांपर्यंत प्रभूचा संदेश पोहोचवणं' असेल आणि कंबोडियातल्या गावात 'मोफत इंग्रजी वर्ग' एवढाच फलक लागणार असेल, तर एकाच कामाची दोन वर्णनं दोन प्रकारच्या लोकांना दिली जातायत. मुलीला मग एवढंच विचारा: तुझ्या वर्गात येणाऱ्या मुलाच्या आईला हे पत्र तिच्या भाषेत वाचून दाखवलं, तर ती मुलाला पाठवेल का? सोळा वर्षांच्या मुलीला न्याय-अन्याय चांगला कळतो. हा प्रश्न तिला 'आपला धर्म, त्यांचा धर्म' यापेक्षा कितीतरी जास्त भिडेल.

आपण मराठी माणसांनी हा प्रश्न दुसऱ्या बाजूनं अनुभवलेला आहे. 1813 मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईत आले. सिंथिया फरार 1827 मध्ये आल्या, पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या आणि 1862 मध्ये तिथेच वारल्या. जोतीराव फुल्यांनी त्या शाळा पाहिल्या होत्या, सावित्रीबाईंनी तिथे अध्यापनाचे धडे घेतले, आणि 1848 मध्ये पुण्यात भिडेवाड्यात काय घडलं ते प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. त्या शाळांचं ऋण नाकारणं कृतघ्नपणाचं होईल. पण दुसरी बाजूही आपलीच आहे. 1839 मध्ये मुंबईत स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, प्रकरण कोर्टात गेलं आणि पालकांनी भराभर मुलं शाळेतून काढून घेतली. शिक्षण हवं होतं, पण विश्वास तुटला होता. तेव्हाचे पालक ज्या जागी उभे होते, तिथे आज कंबोडियातले पालक उभे आहेत. फरारबाईंनी मात्र इथे पस्तीसेक वर्षं काढली, लोकांच्या प्रश्नांना रोज सामोऱ्या गेल्या. दोन आठवड्यांचा पाहुणा विमानात बसला की त्याला जाब कोण विचारणार?

कंबोडियाबद्दल थोडं, कारण मुलीनं हे वाचूनच निघावं. 1975 ते 1979 या ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीच्या काळात शाळा बंद पाडल्या गेल्या, शिकलेल्या माणसांना वेचून मारलं गेलं. शिक्षकांची एक पिढीच नाहीशी झाली. त्याचे परिणाम आजही आहेत; अनेक सरकारी शाळा अर्ध्या दिवसाच्या पाळीत चालतात आणि उरलेल्या वेळात इंग्रजी शिकायला मुलं उत्सुक असतात, कारण सिएम रीपसारख्या पर्यटनाच्या ठिकाणी हॉटेलातली नोकरी त्यावर मिळते. ही गरज खरी आहे, आणि म्हणूनच तिचा आडून वापर करणं जास्त वाईट. देशाचा अधिकृत धर्म बौद्ध आहे, राज्यघटना धर्मस्वातंत्र्य देते, पण घरोघर जाऊन प्रचार करायला आणि पैसे किंवा वस्तू देऊन धर्मांतर घडवायला तिथे मनाई आहे. गटप्रमुखांना विचारा: मुली कुठल्या व्हिसावर जाणार, शिकवण्याची परवानगी कुणी दिली, स्थानिक शाळेशी करार आहे का? उत्तर लेखी मागा. 'दरवर्षी जातो, कधी काही झालं नाही' हे उत्तर नव्हे.

एका बाबतीत मी अजिबात मागेपुढे पाहणार नाही. कार्यक्रमात अनाथाश्रम असेल तर पाठवू नका. कंबोडियात 2005 ते 2010 या पाच वर्षांत अशा संस्था 75 टक्क्यांनी वाढल्या. अनाथ मुलं तेवढी वाढली नव्हती. वाढले होते ते पर्यटक, स्वयंसेवक आणि देणग्या. तिथल्या बहुतेक मुलांच्या आई-वडिलांपैकी निदान एक जण हयात असल्याचं पाहणीत आढळलं. गरीब आई-बापांना शिक्षणाची आशा दाखवून मुलं आणली जातात. ऑस्ट्रेलियानं 2018 च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी या प्रकाराची मुलांची तस्करी म्हणून दखल घेतली. दर पंधरवड्याला नवी ताई येते, कडेवर घेते, लळा लावते आणि निघून जाते. लहान मुलाच्या मनाचं त्यानं काय होतं, हे आईला वेगळं सांगायला नको.

आता एक सुचवते, आणि माझ्या मते याच्याशिवाय निर्णय घेऊच नये. डॅलसमध्ये, विशेषतः व्हिकरी मेडोच्या भागात, निर्वासित कुटुंबं मोठ्या संख्येनं राहतात. तिथे इंग्रजीचे मोफत वर्ग चालतात, काही चर्चही चालवतात. मुलीनं प्रवासाआधी दोन-तीन महिने दर शनिवारी अशा वर्गात मदत करावी, जमल्यास याच चर्चच्या. तुम्हीही एकदा मागच्या बाकावर बसून या. गट कसा शिकवतो, धर्म कुठे येतो, नको म्हणणाऱ्याशी कसं वागतो, हे सगळं घराजवळच दिसेल. आणि आपल्याला इंग्रजी बोलता येतं म्हणजे शिकवता येतं असं नाही, हे तिला तिथेच कळेल.

जायचं ठरलंच, तर तिनं व्याकरणाच्या वाटेला जाऊ नये. पंधरा दिवसांत बाहेरच्या माणसाकडून मुलांना मिळतो तो ऐकण्याचा आणि बोलण्याचा सराव. तिथल्या शिक्षकांचं पुस्तक आधी मागवून घ्यावं, ते ज्या धड्यावर असतील तोच घ्यावा. ख्मेर, म्हणजे कंबोडियाच्या भाषेत शब्दाच्या शेवटचा 'स' लिहिला तरी उच्चारात 'ह'सारखा येतो, त्यामुळे 'हाउस', 'बस', 'राइस' अशा शब्दांचे शेवट मुलांच्या तोंडून गळतात. जोड्या लावून, खेळ करून तेवढंच पक्कं करून घेतलं तरी पुष्कळ झालं. आणि तिला बाराखडी येत असेल तर एक आनंद तिची वाट पाहतोय: ख्मेर वर्णमालाही आपल्यासारखीच क, ख, ग, घ, ङ या क्रमानं मांडलेली आहे, कारण तिचं मूळ दक्षिण भारतातल्या पल्लव लिपीत आहे. निघण्याआधी तिनं ती अक्षरं गिरवावीत. शिकवायला येणारी ताई आपली भाषा शिकतेय हे मुलांना दिसलं की वर्गाचा नूरच बदलतो.

गटात तिचं स्थान काय, हेही आधीच स्पष्ट करून घ्या. अनेक चर्च जाणाऱ्यांकडून श्रद्धेच्या निवेदनावर, म्हणजे आपण ख्रिस्ती श्रद्धा मानतो अशा कागदावर सही घेतात आणि प्रवासात प्रत्येकाला आपला धार्मिक अनुभव सांगायला उभं करतात. 'मी हिंदू आहे, शिकवायला येतेय, प्रार्थनेच्या वेळी शांत बसेन' हे तिनं स्वतः गटप्रमुखांना सांगावं. ते मान्य नसेल तर हा प्रवास तिच्यासाठी नाही. न पटणाऱ्या कागदावर सही करून जायला मात्र तिला सांगू नका.

कागदपत्रांचं थोडक्यात. तिचं नागरिकत्व तुम्ही लिहिलेलं नाही. भारतीय पासपोर्ट आणि एच-4 (एच-1बीवर काम करणाऱ्याच्या कुटुंबाचा व्हिसा) असेल तर अमेरिकेच्या व्हिसाचा शिक्का परतीच्या तारखेपर्यंत चालू आहे ना, ते पाहा. संपला असेल तर परत येताना अडकेल. दोन्ही पालकांचं नोटरी केलेलं संमतिपत्र बरोबर द्या. जून-जुलै तिकडे पावसाळा, डेंग्यूचे दिवस. भटक्या कुत्र्यांमुळे रेबीजचाही धोका असतो, म्हणून निदान सहा आठवडे आधी डॉक्टरांना भेटा. सोबतच्या प्रौढांची पार्श्वभूमी तपासणी झालीय का आणि कुणी एकटा मोठा माणूस मुलांबरोबर राहणार नाही असा नियम आहे का, हे विचारायला संकोचू नका.

इथल्या आपल्या मराठी मंडळांमध्ये अहिल्यानगरची (पूर्वीच्या अहमदनगरची), वसईची ख्रिस्ती मराठी कुटुंबंही आहेत. त्यांच्या मुलांसाठी असा प्रवास श्रद्धेचाच भाग असतो. तो त्यांचा हक्क आहे. वरचे प्रश्न त्यांनीही विचारावेत, आणि प्रवास भारतात असेल तर एक गोष्ट विसरू नये: मार्च 2021 च्या अधिसूचनेनुसार ओसीआय कार्डधारकांनाही (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांनाही) मिशनरी कामासाठी विशेष परवानगी लागते. नेपाळमध्ये तर धर्मांतर घडवणं हा गुन्हा आहे आणि त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 'इंग्रजी शिकवतोय' असं सांगून तिथे निभावेल, या भरवशावर मुलांना पाठवू नका.

राहिल्या सासूबाई. त्यांच्यापासून लपवू नका. निर्णय झाल्यावर फोन मुलीला करू द्या, आणि आजीला ती काय करणार, काय नाही, हे तिच्या तोंडून कळू द्या. प्रवासखर्चाचा पहिला हप्ता भरण्याआधी मात्र पत्राचा नमुना, दिवसाचं वेळापत्रक आणि व्हिसाचं लेखी उत्तर, ही तिन्ही तुमच्या हातात हवीत. ती मिळाली आणि वाचून मन मानलं, तर पाठवा. गट टाळाटाळ करू लागला, तर तो हप्ता भरू नका आणि तिला व्हिकरी मेडोचा वर्ग पुढेही चालू ठेवू द्या.