‘साहेब बोलतोय’ म्हणणाऱ्या फोनचं काय करायचं? वाचकांचे प्रश्न

फसवणुकीच्या फोनबद्दल विचारा, असं मागच्या अंकात लिहिलं होतं. पत्रं भरपूर आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. नावं मुद्दाम छापलेली नाहीत, कारण फसलेल्या माणसाला गावात आधीच पुष्कळ ऐकून घ्यावं लागतं.

‘तहसीलमधून बोलतोय, तुमच्या अतिवृष्टी अनुदानाची केवायसी राहिली आहे’ असा फोन आला. त्याने माझा गट नंबर बरोबर सांगितला आणि व्हॉट्सॲपवर एक फाइल पाठवली. मी ती उघडली नाही. पण गट नंबर त्याला कुठून मिळाला? (शेतकरी, ता. परंडा, जि. धाराशिव)

उघडली नाही हे फार चांगलं केलंत. गट नंबर ही गुपित गोष्ट नाही. सातबारा ऑनलाइन कोणालाही पाहता येतो आणि अनुदानाच्या याद्या गावच्या ग्रुपवर फिरत असतात. समोरच्याला आपली माहिती बरोबर ठाऊक आहे, एवढ्यावरून तो सरकारी माणूस ठरत नाही. बहुतेक जण नेमके इथेच विश्वास टाकतात.

अनुदानाची खरी वाट अशी आहे: पंचनामा होतो, यादीत तुमचा विशिष्ट क्रमांक, म्हणजे व्हीके नंबर येतो. केवायसी लागलीच तर तो क्रमांक घेऊन सेतूत किंवा आपले सरकार केंद्रात अंगठा द्यायचा, आणि पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जमा होतात. यात फोनवर फाइल उघडण्याचं काम कुठेच नाही. शंका आली तर तलाठ्याला विचारा, फोन करणाऱ्याला नको.

आता ती फाइल. नावाच्या शेवटी ‘एपीके’ अशी अक्षरं असतील तर ते ॲप आहे, कागद नव्हे. ‘पीएम किसान’, ‘आरटीओ चलान’, ‘लग्नपत्रिका’ अशी नावं देऊन हीच वस्तू फिरते. खरा फोटो किंवा पीडीएफ कधी ‘इन्स्टॉल करा’ म्हणत नाही. एपीकेवर बोट लावलं की फोन विचारतो, या ठिकाणाहून ॲप घ्यायला परवानगी द्यायची का? तिथे ‘नाही’ म्हटलं तर काही बिघडत नाही. ‘हो’ म्हटलं की ॲप पुढे मेसेज वाचण्याची परवानगी मागतं. ती दिली की तुमचे ओटीपी परस्पर चोराकडे जातात. ‘मी तर ओटीपी कोणालाच सांगितला नाही’ असं सांगणारी माणसं खोटं बोलत नसतात. त्यांच्या फोननेच तो सांगितलेला असतो.

कोणी उघडून बसलं असेल तर आधी विमानाच्या चिन्हावर बोट लावा आणि वायफायही बंद आहे ना ते बघा, म्हणजे इंटरनेट तुटेल. मग दुसऱ्या फोनवरून बँकेच्या हेल्पलाइनला सांगून यूपीआय, कार्ड आणि नेटबँकिंग बंद करायला लावा. त्यानंतर सेटिंगमधल्या ॲपच्या यादीतून ते ॲप काढा. ते बरेचदा स्क्रीनवर दिसत नाही, यादीत सापडतं. निघतच नसेल तर फोटो आणि नंबर जपून ठेवून फोन फॅक्टरी रीसेट करा. पिन आणि पासवर्ड त्याच्यानंतर बदला, आधी नको. आणि गावच्या ग्रुपवर कळवा, कारण हे ॲप कित्येकदा तुमच्याच नावाने तीच फाइल पुढे पाठवत असतं.

लाडकी बहीण योजनेच्या केवायसीबद्दल सात-आठ बहिणींनी विचारलं आहे. उत्तर तेच: ती फक्त शासनाच्या संकेतस्थळावर होते. फोनवरच्या कोणालाही आधारचा ओटीपी सांगायचा नाही.

माझं लातूरच्या मोंढ्यात दुकान आहे. ‘२,००० पाठवायचे होते, चुकून २०,००० गेले, १८,००० परत करा’ असा फोन आला. पैसे जमा झाल्याचा मेसेजही आला होता.

मेसेज कोणाकडून आला ते वर बघा. दहा आकडी मोबाइल नंबरवरून आला असेल तर तो त्यानेच टाइप करून पाठवलेला आहे. बँकेचा मेसेज अक्षरी नावाने येतो, आणि २०२५ पासून त्या नावापुढे आडवी रेघ व एक इंग्रजी अक्षर असतं: सेवेसाठी एस, व्यवहारासाठी टी, सरकारी असेल तर जी, जाहिरात असेल तर पी. तरीही मेसेजवर विसंबू नका. बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक बघा.

आणि समजा पैसे खरंच आले? तरी स्वतः परत पाठवू नका. ते दुसऱ्या कुणाकडून लुबाडलेले असू शकतात. तुम्ही वेगळ्याच खात्यावर १८,००० पाठवले आणि मूळ मालकाने तक्रार केली, तर तुमचं खातं गोठतं. ऐन हंगामात, आवक सुरू असताना, हे काय असतं ते मोंढ्यातल्या माणसाला सांगायला नको. ‘माझ्या बँकेला लेखी देतो, पैसे आले तसे परत जातील’ एवढं बोलून फोन ठेवा, आणि खरंच लेखी द्या.

ऊसतोडीच्या टोळीची उचल पाठवतो म्हणून एकाने क्यूआर पाठवला. स्कॅन केला तर पिन मागतोय. टाकू का? (मुकादम, जि. बीड)

टाकू नका. यूपीआयचा पिन फक्त पैसे देताना आणि शिल्लक बघताना लागतो. पैसे घ्यायला ना पिन लागतो, ना स्कॅन.

‘आज रात्री साडेनऊला वीज कापणार’ असा मेसेज आणि खाली मोबाइल नंबर आला. (नांदेड)

थकबाकीसाठी वीज तोडायची तर वीज कायदा २००३, कलम ५६ प्रमाणे १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. त्या नंबरवर फोन केला की ‘बिल अपडेट करायला’ एनीडेस्कसारखं ॲप घ्यायला सांगतात. त्यातून तुमची स्क्रीन त्याला दिसते, म्हणजे पुढे येणारा ओटीपीसुद्धा दिसतो. बिलाची खात्री वीज कंपनीच्या १९१२ या हेल्पलाइनवर करा.

कुरिअरवाला म्हणाला, पत्ता सापडत नाही, स्टार २१ स्टार आणि पुढे हा नंबर डायल करा. तेव्हापासून मला फोनच येत नाहीत. (जालना)

तुमचे कॉल त्याच्याकडे वळले आहेत. आवाजी कॉलवर येणारा ओटीपी आता त्याला ऐकू जातो, आणि त्यावर तो तुमचं व्हॉट्सॲप स्वतःच्या फोनवर चालू करू शकतो. ताबडतोब ##००२# डायल करा, सगळं वळवणं रद्द होईल. नाही झालं तर सिम कंपनीला सांगा. मग व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये, अकाउंटखाली, दुहेरी पडताळणीचा सहा आकडी पिन लावा.

माझे वडील निवृत्त शिक्षक आहेत. व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस म्हणाला, तुमच्या आधारवर घेतलेल्या सिमवरून गुन्हा झाला आहे, तुम्ही ‘डिजिटल अटकेत’ आहात. दोन दिवस ते खोलीतून बाहेर आले नाहीत. पैसे वाचले, पण ते अजून घाबरलेले आहेत. (अंबाजोगाई)

त्यांना हे वाचून दाखवा. डिजिटल अटक नावाची गोष्ट भारताच्या कोणत्याही कायद्यात नाही. अटक समोरासमोर होते, आणि तिची कारणं सांगावी लागतात. चौकशीला बोलवायची नोटीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खाली निघते, आणि ती व्हॉट्सॲपवर बजावू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांना बजावलं आहे. ‘पडताळणीसाठी’ पैसे ठेवायचं खातं रिझर्व्ह बँकेकडे नसतं, कोर्टाकडे नसतं, सीबीआयकडेही नसतं.

कॅमेरा बंद करू देत नाहीत, ‘घरात कोणाला सांगितलं तर त्यांनाही आत टाकू’ म्हणतात, याचं कारण एकच: माणसाने दुसऱ्या कोणाशी दोन मिनिटं बोललं तरी हा खेळ मोडतो. एफडी मोडायला बँकेत जायला लावतात तेव्हा काउंटरवर काय सांगायचं तेही पढवून ठेवतात, ‘मुलाच्या फ्लॅटसाठी हवेत’ म्हणा. आयुष्यभर नियमाने वागलेला, ‘साहेब’ म्हटल्यावर उभा राहणारा माणूस यात आधी अडकतो. वडिलांना बोल लावू नका. फोन मध्येच कापणं म्हणजे कायद्याचा अपमान नाही, हे त्यांना घरच्यांनी पुन्हा पुन्हा सांगायला हवं.

असाच प्रकार लातूरला शिकवणीसाठी मुलं ठेवलेल्या पालकांच्या बाबतीत होतो. ‘तुमचा मुलगा पकडला गेलाय, २५,००० टाका’ आणि मागून रडण्याचा आवाज. आवाज नकली बनवता येतो, तेव्हा आवाजावरून ठरवू नका. फोन ठेवा, मुलाच्या नंबरवर लावा, नाही उचलला तर होस्टेलच्या रेक्टरला आणि एका मित्राला लावा. हे तिन्ही नंबर आजच लिहून ठेवा. घरातल्यांनाच माहीत असा एक शब्दही ठरवून घ्या, शेताचं किंवा बैलाचं जुनं नाव चालेल.

४०,००० गेले. बँक म्हणते, ओटीपी तुम्हीच दिला, आम्ही काही करू शकत नाही. (ता. वसमत, जि. हिंगोली)

बँकेचं बोलणं अर्धं खरं आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे ओटीपी किंवा पिन तुम्ही स्वतः दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर गेलेला प्रत्येक रुपया बँकेचा. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा प्रकारात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर काहीच येत नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० आणि जनधनसारख्या खात्याला ५,००० एवढाच भार. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायचं काम बँकेचं आहे. म्हणून तोंडी बोलून परतू नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि वेळ घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. चौकशीसाठी १४४४८.

त्याच्याही आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा. पैसे गेल्याचं कळलं की शाखा उघडायची वाट बघू नका. चोर पैसे काही मिनिटांत एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात फिरवतो आणि एटीएममधून काढतो. ते कुठल्यातरी खात्यात असेपर्यंतच अडवता येतात. हातात ठेवा: खाते नंबर, रक्कम, वेळ, यूपीआयचा १२ आकडी व्यवहार क्रमांक आणि फोन करणाऱ्याचा नंबर. तक्रारीचा क्रमांक मिळेल. तो घेऊन सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर चोवीस तासांत तक्रार पूर्ण करा. जमत नसेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात जा.

नंतर ‘तुमचे पैसे सापडले, सोडवायला फी भरा’ असा फोन आला तर ती दुसरी लूट समजा. पैसे गेलेले नसतील, फक्त संशयास्पद फोन आला असेल, तर तो नंबर दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावरच्या ‘चक्षू’ सुविधेत नोंदवा.

आई गावी एकटी असते. कीपॅडचा फोन आहे. मी पुण्यात. (मूळ गाव ता. पाथरी, जि. परभणी)

कीपॅड फोनमध्ये एपीके चालत नाही, ही एक काळजी कमी. ओटीपी आणि वळवायचे कोड मात्र तिथेही चालतात. निराधारचे किंवा पेन्शनचे पैसे येतात त्या खात्यात लागतील तेवढेच ठेवा, बाकीची एफडी वेगळ्या बँकेत आणि तिला मोबाइल बँकिंग न जोडता. एटीएम कार्ड ती वापरत नसेल तर बंद करून टाका. फोनवर काय बोलायचं ते एकच वाक्य तिच्याशी ठरवा: ‘पोराला विचारून सांगते’, आणि लाल बटण. समोरचा चिडला तरी पुढे बोलायचं नाही. पुढच्या खेपेला गावी जाल तेव्हा एका पुठ्ठ्यावर तीन नंबर लिहा: तुमचा, शेजारच्या घराचा आणि १९३०. जाड पेनने, बोटभर उंचीचे आकडे काढा, आणि फोन चार्जिंगला लागतो त्या बोर्डाच्या वर तो पुठ्ठा खिळ्याने ठोका. चष्मा न लावता तिला वाचता येतो का, ते तिथेच उभं राहून बघून घ्या.