'लॅटिनो बार असोसिएशन'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आलाय: अमेरिकेतल्या एका 'रीजनल लॅटिनो बार असोसिएशन'ची (म्हणजे लॅटिन अमेरिकन वंशाच्या वकिलांच्या स्थानिक संघटनेची) माहिती मराठीत आणताना 'प्रादेशिक लॅटिन बार कौन्सिल' असं लिहिलं तर चालेल का?

नाही चालणार, आणि सगळ्यात मोठा घोळ 'कौन्सिल'चा आहे. आपल्याकडे बार कौन्सिल म्हणजे १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टखाली वकिलाला सनद देणारी आणि गैरवर्तन केलं तर ती काढून घेणारी संस्था. लॅटिनो बारच्या हातात यातलं काहीच नाही. सभासद होणं ऐच्छिक, वर्गणी थकली म्हणून कुणाची वकिली बंद होत नाही. 'यंदा बारची निवडणूक चुरशीची आहे' असं कोर्टात म्हणतात, तो बार याच्या जवळचा. म्हणून 'वकील संघ' किंवा 'वकील संघटना' लिहा.

मात्र अमेरिकेत नुसत्या नावावर जाऊ नका. 'स्टेट बार ऑफ टेक्सस'चं सभासदत्व वकिलाला सक्तीचं, तर 'न्यूयॉर्क स्टेट बार असोसिएशन'चं ऐच्छिक. न्यूयॉर्कमध्ये वकिलीचा परवाना कोर्टाचं अपेलेट डिव्हिजन, म्हणजे अपील विभाग, देतं. आधी संस्था काय करते ते बघा, मग शब्द निवडा.

'बार' मुळात कोर्टातला कठडा. पेयांचा बारही अशाच आडव्या दांडीवरून आला. त्यामुळे मथळ्यात नुसतं 'लॅटिनो बार' नको, वाचक मेनूकार्ड शोधेल.

'लॅटिन' तर नकोच. मराठीत ती भाषा. 'लॅटिन वकील' म्हटलं की रोमन कायद्याचा पंडित डोळ्यांसमोर येतो. 'लॅटिनो' तसाच ठेवा. 'हिस्पॅनिक' हा त्याचा नेमका पर्याय नव्हे: ढोबळमानाने ब्राझीलचा माणूस लॅटिनो, पण हिस्पॅनिक नाही, कारण त्याची भाषा पोर्तुगीज, स्पेनचा माणूस याच्या उलट. १९७२ साली सुरू झालेल्या, अशा वकिलांच्या राष्ट्रीय संघटनेच्या आजच्या नावात 'हिस्पॅनिक' आहे, तेव्हा तिथे 'लॅटिनो' घालू नका. न्यूयॉर्कची १९५७ ची संघटना पोर्तो रिकन वकिलांची, मायामीची १९७४ ची क्यूबन-अमेरिकनांची. विशेषनाम आहे तसं देवनागरीत लिहा, खुलासा पुढच्या वाक्यात करा.

स्त्री असेल तर 'लॅटिना'. हा शब्द मराठीत कामाचा आहे, कारण 'वकील'वरून बाई की बुवा कळत नाही, आणि 'वकिलीणबाई' म्हणजे जुन्या वळणात वकिलाची बायको! २००९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात आलेल्या सोनिया सोटोमायोर या तिथल्या पहिल्या लॅटिना न्यायमूर्ती.

'रीजनल'ला 'प्रादेशिक' म्हटलं की पक्ष नाही तर भाषा आठवते. शहराचं किंवा राज्याचं नावच द्या.

आता विद्यार्थी, कारण अशा संघटना त्यांनाही मदत करतात. 'विधी विद्यार्थी' सरकारी वाटतं, 'कायद्याचे विद्यार्थी' सरळ आहे. अमेरिकेत चार वर्षांच्या पदवीनंतर साधारण तीन वर्षांची जेडी ही कायद्याची पदवी, मग बहुतेकांना बार परीक्षा. या संघटना शिष्यवृत्ती देतात, मुलाखतींचा सराव घेतात, काही बार परीक्षेच्या तयारीला पैसेही देतात. विद्यार्थ्याला जोडून दिलेल्या अनुभवी वकिलाला 'सीनियर' म्हणू नका. आपल्याकडे त्या शब्दात त्याच्या चेंबरमध्ये ज्युनिअरशिप करणं गृहीत असतं. इथे तो फक्त मार्गदर्शक.

थोडक्यात, संघटना मायामीची असेल तर मजकूर असा होईल: 'मायामीतल्या क्यूबन-अमेरिकन वकिलांची ऐच्छिक संघटना, कायद्याच्या विद्यार्थ्यांनाही मदत करते.'