‘जोन्स’ या शब्दाचे मूळ: तळटीप देण्यापूर्वी

अमेरिकी बोलीत अनावर तलफ या अर्थी वापरला जाणारा ‘जोन्स’ हा शब्द न्यूयॉर्कच्या ग्रेट जोन्स स्ट्रीटवरून आला, अशी तळटीप आपण अनुवादात देणार आहात आणि तिला आधार विचारला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. हाच शब्द माझ्याही एका अनुवादात आला होता. ‘मूळ अनिश्चित’ अशी टीप मी दिली होती. परंतु वाचकाला ठाम उत्तर हवे असते, असे सांगून प्रकाशनसंस्थेच्या संपादन विभागाने ती काढली आणि रस्त्याची गोष्ट निर्विवाद म्हणून छापली. माझ्या पत्राला उत्तर आले नाही. पुढे त्याच पुस्तकाचा हवाला देऊन ती गोष्ट इतरत्र सांगितली जाऊ लागली, याचे मला आजही फार वाईट वाटते.

मॅनहॅटनमधला तो रस्ता खरा आहे. सॅम्युएल जोन्स या वकिलाने त्यासाठी जमीन दिली आणि शहरात दुसरा जोन्स स्ट्रीट असल्यामुळे याला ‘ग्रेट’ हे विशेषण लागले. तिथल्या गल्लीत हेरॉइनचे व्यसनी जमत, त्यावरून शब्द रूढ झाला, असे सांगतात. मात्र रस्ता आणि शब्द यांना जोडणारा समकालीन लेखी दाखला माझ्या वाचनात नाही. क्लॉड ब्राउन यांच्या १९६५ सालच्या आत्मकथनपर पुस्तकात हा शब्द येतो, पण ते जग हार्लेमचे, म्हणजे त्या रस्त्यापासून बरेच उत्तरेकडचे. चित्रकार बास्किया यांचा हेरॉइनच्या अतिसेवनाने याच रस्त्यावर मृत्यू झाला, हा दाखला कोणी दिलाच, तर ती घटना १९८८ सालची, म्हणजे शब्द छापात आल्यानंतर दोन दशकांहून अधिक काळाने घडलेली आहे.

दुसरे मत असे की जोन्स हे सर्वसामान्य आडनाव आधी हेरॉइनचे टोपणनाव झाले आणि मग व्यसनाचे. मला हे अधिक पटते, पण मी भाषाशास्त्रज्ञ नाही आणि हेच आडनाव का, याचे उत्तर या मतातूनही मिळत नाही.

मराठी प्रतिशब्द म्हणून ‘हाव’ कृपया घेऊ नका. मूळ शब्दात मादक पदार्थ न मिळाल्याने होणारी शारीरिक तगमगही आहे. ‘तलफ’ त्याच्या सर्वांत जवळ जाते. पुढे अर्थ सैलावला, १९७३ साली तर बास्केटबॉलच्या वेडावर या शब्दाचे विडंबनगीतही निघाले, तेव्हा आपला उतारा त्याआधीचा असेल तर तगमगीची छटा राखावी. टिपेत दोन्ही मते द्यावीत आणि ‘मूळ अनिश्चित’ हे शब्द आपल्या संमतीशिवाय वगळले जाणार नाहीत, असे प्रकाशकाकडून आधीच लेखी घ्यावे.