मधली भिंत काढू का?

प्रश्न : आमचं घर दुमजली आहे. वर भाऊ, खाली आम्ही. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली तेरा फुटी भिंत काढून एकच मोठी खोली करायची आहे. वरच्या मजल्यावरही त्याच जागी भिंत आहे. मिस्त्री म्हणतात, 'पुढच्या व्हरांड्याला कॉलम आहेत, म्हणजे घर कॉलमवर उभं आहे. भिंत पाडू आणि लगेच गर्डर चढवू.' हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही, कृपया थांबा.

व्हरांड्याचे कॉलम व्हरांड्यापुरतेच असू शकतात. पुढे कॉलम आणि मागे सगळा भार विटांवर, अशी मिश्र घरं मी खूप पाहिली आहेत. आधी एक करा. भिंतीच्या अगदी वरच्या टोकाला, स्लॅबला लागून, वीतभर प्लास्टर काढायला सांगा. वीट थेट स्लॅबला टेकलेली दिसली, तर भिंत भार उचलते आहे असंच धरून चला. काँक्रीट दिसलं तरी हुरळून जाऊ नका. तो बीम दोन्ही टोकांना कॉलमवर बसलाय का, हे पाहायला हवं. नुसता भिंतीवर ओतलेला पट्टाही बीमसारखाच दिसतो.

आता वजनाचं बोलू. भिंत साधारण 4 मीटर लांब. दोन्ही बाजूंच्या खोल्या 3-3 मीटर रुंद धरल्या, तर प्रत्येकीच्या निम्म्या स्लॅबचा, म्हणजे एकूण 12 चौरस मीटरचा भार या भिंतीवर येतो. 125 मिलिमीटर जाडीचा स्लॅब, फरशी, माणसं आणि सामान मिळून चौरस मीटरला सुमारे 600 किलो, म्हणजे 7 टन. वरची भिंत नऊ इंची असेल तर तिचे आणखी 5 टन. झाले 12. वरचं छत त्या भिंतीवर टेकत असेल, तर तेही यात मिळवा.

आज हे वजन तेरा फुटांच्या पायावर पसरलेलं आहे. गर्डर टाकला की त्याच्या दोन टोकांवर सहा-सहा टन एकवटतात. म्हणून मला गर्डरपेक्षा टोकांची काळजी जास्त वाटते. टोकं नुसत्या विटांवर ठेवली तर विटा चिरडू शकतात, त्यांच्याखाली काँक्रीटचा बेड ब्लॉक, म्हणजे भार पसरवणारा ठोकळा, हवा. तिथला पाया तेवढा भार पेलेल का, हे खणून बघावं लागतं. ही पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते, आणि तडे नंतर तिथूनच सुरू होतात.

'आधी पाडू, मग चढवू' हा क्रम तर जिवाशी खेळ आहे. आधी टेकू. भिंतीत साधारण मीटरभर अंतरावर आरपार भोकं पाडून लोखंडी तुळया घालतात आणि दोन्ही बाजूंनी त्यांना जॅक लावतात. जॅकखाली जाड फळ्या हव्यात, नुसत्या फरशीवर उभे करू नका. त्यानंतरच भिंत हाताने, वरून खाली उतरवायची. ब्रेकर नको, त्याच्या हादऱ्याने आजूबाजूच्या विटांचे सांधे सुटतात. गर्डर बसला की त्याच्या आणि स्लॅबच्या मधली फट न आकसणाऱ्या ग्राउटने, म्हणजे फटी भरायच्या सिमेंटच्या मिश्रणाने, घट्ट भरायची. ती फट तशीच राहिली तर स्लॅब खाली बसून मगच गर्डरवर टेकतो, आणि वर तुमच्या भावाच्या भिंतीला तडे जातात. ग्राउट पुरेसं पक्कं झाल्यावर टेकू एकदम न काढता थोडे थोडे सैल करायचे.

माझं मत विचाराल तर पूर्ण तेरा फूट उघडूच नका. दोन्ही टोकांना दोन-दोन फूट भिंत राहू द्या. गर्डरला टेकायला जागा मिळते, गर्डरही लहान लागतो. शिवाय भूकंपात घराला आडवा आधार या भिंतीच देतात, तो सगळा जाऊ नये.

गर्डरचं माप मिस्त्रींच्या अंदाजावर सोडू नका. स्ट्रक्चरल इंजिनियरला घर दाखवा, त्यांच्याकडून सहीचा नकाशा आणि टेकूंचा आराखडा घ्या, स्थानिक परवानगी लागते का तेही त्यांनाच विचारा. आणि भोकं पाडायला सुरुवात झाल्यापासून टेकू निघेपर्यंत भावाच्या कुटुंबाला दुसरीकडे राहायला पाठवा.